तानीची आणि गवताच्या राक्षसाची कहाणी

ऐका बायांनो. ही कहाणी चारचौघींत सांगू नकोस, असं मला घरात आत्यानं बजावलंय. पण आज जिवतीचा शुक्रवार, तेव्हा सांगते.

आटपाट नगरात विणकरांची आळी होती. तिथं गिरजा राही. तिला एक लेक, तानी. घरात दीर होता, वामन. त्याला गावात मोठा मान. दर श्रावणात गवताचा राक्षस करी, वेशीवर जाळी. लोक म्हणत, "वामनामुळं गावात वाईट शिरत नाही."

गिरजा जिवतीची पूजा करी, लेकीला ओवाळी. पण लेक सुकत चालली. जेवेना, हसेना, पाठीवर वळ उठले. गिरजा म्हणाली, "बाहेरचं लागलं." मग मीठमोहरी ओवाळली, उतरेना. मग दाराला बिब्बा बांधला, उतरेना. मग भगताचा अंगारा लावला, तरी उतरेना.

मग जिवती म्हातारीच्या रूपानं दारी आली. म्हणाली, "भगताला विचारलंस. लेकीला विचारलंस का?"

"ती लहान आहे, आजी. ती काय सांगणार?"

"मग माझा वसा घे. लेकराला जवळ घेऊन विचारावं. विचारून गप्प राहावं. सांगेल ते खरं मानावं."

त्याच दिवशी वेशीवर राक्षस उभा केला. त्याला शिंगं, सुळे, लाल जीभ. पोरं खडे मारू लागली, तानी मारीना. गिरजानं तिला कडेवर घेतलं. "का गं बाय?" म्हणाली आणि गप्प राहिली. कितीतरी वेळानं तानी बोलली, "घरात कुणी नसलं की मला मारतो, तो हा नव्हे. त्याला शिंगं नाहीत. त्याच्या हातात चूड आहे."

राक्षस जाळायची पेटती चूड वामनाच्या हातात होती.

आळी म्हणाली, "देवमाणूस तो. पोर काहीही बोलते."

वामन हसला. "वहिनी, घरी जाऊन बोलू."

"घरातच तर ती मुकी झाली, भाऊजी. इथंच बोलू."

पंच म्हणाले, "पोरी, पुन्हा सांग."

गिरजा म्हणाली, "तिनं सांगितलंय. आता यांना विचारा."

मग पंचांनी वामनाला विचारलं, तो हसला. मग पुन्हा विचारलं, तो रागावला. मग तिसऱ्यांदा विचारलं, त्याची मान खाली गेली.

लोक खवळले. "हाच राक्षस. टाका आगीत."

गिरजा आडवी आली. "राक्षस म्हणाल तर सुटेल तो. राक्षसाला काय कळतं? हा माणूस आहे, ह्याला सगळं कळत होतं. माणसासारखा राजापुढं उभा राहू दे."

मग राजानं न्याय केला, वामनाला बंदीत घातलं. राक्षसाचं गवत सोडून गुरांना घातलं. तानी आईच्या कडेवरून उतरली, आणि साऱ्या आळीच्या पुढं, ताठ मानेनं चालत घरी गेली.

जिवतीमाते, जशी तानीला पावलीस, तशी इथं बसलेल्यांच्या लेकरांना पाव. ही कहाणी साठजणींनी ऐकावी, पाचजणींनी घरी न्यावी, लेकराला जवळ घ्यावं, आणि सुफळ... हो आत्या, आले, पण एवढं एक सांगू दे...