पुसलेली रेघ

घाटाच्या पायथ्याशी एका गावात मालन नावाची एक सायकलवेडी बाई राहत होती. त्या गावाची एक रीत होती. त्रिपुरी पौर्णिमेपासून शंभर दिवस, ऐन थंडीत, हौशी सायकलवाले पहाटे घाट चढत. वर खिंडीत चुना लावलेला एक दगड होता. त्याला हात लावायचा, खाली उतरायचं आणि रशीदचाचांच्या सायकल दुकानात येऊन 'लागला' म्हणायचं. चाचा भिंतीवर त्याच्या नावापुढे खडूची एक रेघ ओढत. वर पाहायला कोणी नसे. सगळं शब्दावर चाले. ज्याचे शंभर दिवस एकही खाडा न पडता भरत, त्याची सायकल झेंडूच्या माळा घालून महाशिवरात्रीच्या पालखीपुढे निघे. आजवर तो मान एकाही बाईला मिळाला नव्हता.

मालनला स्वतःचा फारसा भरवसा नव्हता. रोज कानटोपी चढवताना तिला वाटे, हे काही आपल्याच्याने व्हायचं नाही. लेकीच्या अंगावरचं पांघरूण सरकलं तर नाही ना, म्हणून ती दारातून दोनदा परत येई. मग निघे. बोटं बधिर होत, नाकातून पाणी वाहे. तरी सत्तर दिवस झाले, सत्तर रेघा झाल्या. सहा वर्षांची रमा शाळेत सांगत सुटली, "यंदा पालखीपुढे आमचीच सायकल!"

एकाहत्तराव्या दिवशी घाटात दाट धुकं उतरलं. पुढचं चाकसुद्धा दिसेना. चढता चढता पांढरा दगड हाताला लागला. मालनने त्यावर टेकून चष्मा पुसला आणि ती परत फिरली. "लागला," ती म्हणाली. चाचांनी रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी आभाळ निवळलं. खिंडीच्या अलीकडच्या वळणावर तसाच एक पांढरा दगड होता. त्यावर तिचा चष्मा पुसायचा पिवळा फडका दवाने चिकटून बसला होता. म्हणजे काल ती इथूनच परत फिरली होती. खिंड अजून तीनशे पावलं वर होती.

त्या दिवशी खिंडीतल्या दगडाला हात लावून ती दुकानात न जाता आधी घरी आली. नवरा म्हणाला, "अगं, मुद्दाम थोडंच केलंस? तीनशे पावलांनी काय घाट लहान होतो?" मालनलाही ते खरं मानावंसं फार वाटलं. पण अंगणात रमा मैत्रिणीला सांगत होती, "माझी आई रोज पार वरपर्यंत जाते." ते काही मालनला ऐकवेना. ती तशीच दुकानात गेली.

"चाचा, कालची माझी रेघ पुसा. मी अलीकडच्या दगडावरूनच फिरले."

बाकावर चहा पीत पांडबा बसला होता. दोन वर्षं मान त्याच्याच सायकलीला होता. तो हसला. "घ्या! वहिनींना घाट कुठे संपतो तेच ठाऊक नाही."

"आज दोनदा जाऊन येते," मालन काकुळतीने म्हणाली.

"बेटी, कालचा दिवस आज कसा भरायचा?" चाचांनी रेघ पुसली. पुसताना त्यांचा हात जरा रेंगाळला. "मान तर गेला. आता उद्यापासून पहाटे झोप घे."

"रेघ पुसलीत चाचा, घाट नाही पुसला," मालन म्हणाली. "आजची ओढा. आजचा लागलाय."

उरलेले अठ्ठावीस दिवसही ती रोज घाट चढली.

शिवरात्रीला पांडबाची सायकल झेंडूने मढून पालखीपुढे निघाली. मालन गर्दीत मागे उभी होती. आपल्यापायी लेकीला खाली मान घालावी लागणार, हेच तिच्या मनाला खात होतं. तेवढ्यात शेजारच्या काकूंनी रमाला डिवचलं, "काय गं, तुमची सायकल पुढे असणार होती ना?"

रमा इतक्या मोठ्याने बोलली, की पालखीचे भोईसुद्धा वळले. "माझ्या आईचा एक दिवस कमी भरला! कोणाला कळलंसुद्धा नसतं! तिनेच जाऊन सांगितलं!"

तिला गप्प करायला मालनने हात पुढे केला, पण तो मध्येच थांबला. पांडबाने मागे वळून पाहिलं. या वेळी तो हसला नाही. त्याने मालनला हात जोडले. मालनने लेकीला कडेवर उचललं आणि ताठ मानेने ती गर्दीतून पुढे निघाली.

तात्पर्य: कोणी न पाहिलेली चूक आपण होऊन सांगणाऱ्याची मानाची जागा जाईल, पण मान जात नाही.