किल्ली आणि आडनाव

बापूसाहेबांची पुण्यात बरीच घरं भाड्याने होती. माणूस पारखल्याशिवाय आपण कुणाच्या हाती किल्ली देत नाही, असा टेंभा ते मिरवत. घर मागणाऱ्या उज्ज्वलालाही त्यांनी पारखायला एका बड्या हॉटेलात बोलावलं. ती कॉलेजात नव्यानं शिकवायला लागली होती. आधीच्या सगळ्या घरमालकांनी तिचं आडनाव ऐकून नकार दिला होता. कारण मात्र कुणी उच्चारलं नव्हतं.

ती समोरच्या थांब्यावर बसमधून उतरली, तेव्हा बापूसाहेब हॉटेलच्या दारातल्या माणसाकडे गाडी लावायला सोपवत होते.

"बसनं आलात?" चहा मागवून ते म्हणाले. "आम्ही नुसती गाडी लावायलाच तीनशे मोजतो. बरं, नाव काय?"

"उज्ज्वला."

"पुढे?"

पुन्हा तोच प्रश्न. उज्ज्वलानं कप खाली ठेवला.

"पंधरा रुपयांच्या तिकिटावर कंडक्टरनं मला इथवर आणलं, पुढचं नाव विचारलं नाही. तुम्ही एवढी महागाची गाडी बाहेरच्या माणसाच्या हवाली केलीत. त्याचं पुढचं नाव काय?"

बापूसाहेबांनी काचेतून दाराकडे पाहिलं.

"त्याला तुम्ही वर पैसे देऊन किल्ली दिलीत. मी तर पैसे देऊन किल्ली मागतेय."

एवढं बोलून ती थांब्यावर जाऊन उभी राहिली. थोड्या वेळानं बापूसाहेब बाहेर आले. त्या माणसानं गाडी आणून दिली. पण गाडीत न बसता, खिशातली भाड्याच्या घराची किल्ली मुठीत धरून, ते रस्ता ओलांडून तिच्याकडे येऊ लागले.