एकतेचा मांडव

फार पूर्वी शालिपूर नगरावर अरिष्टसेन राजाचा अंमल होता, तेव्हा बोधिसत्त्व त्याचा अमात्य भद्रमित्र म्हणून जन्माला आला होता. राजाला बोलण्याची भारी हौस, आणि ऐकणाऱ्यांचा तुटवडा राजांना कधीच पडत नाही.

नगराबाहेर नदीकाठी शेतकऱ्यांची गावे होती आणि वर डोंगरावर धनगरांची वस्ती. भात कापले की मेंढरे खाली उतरत आणि रिकाम्या खाचरांत बसत. शेताला खत मिळे, धनगराला धान्य. मेंढरांना पाण्यावर नेण्यासाठी डोंगरापासून नदीपर्यंत एक रुंद वाट वाडवडिलांनी राखली होती. पण दोन्ही बाजूंचे शेतकरी दरवर्षी नांगराचे एकेक तास त्या वाटेत सरकवत गेले आणि वाट निम्मीच उरली. मग मेंढरे उभ्या हरभऱ्यात शिरू लागली आणि काठ्या निघू लागल्या. गेल्या हंगामात अशाच मारामारीत सामा नावाच्या धनगरणीचा नवरा जिवानिशी गेला.

राजाने हे ऐकले आणि एकतेचा उत्सव जाहीर केला. भद्रमित्र म्हणाला, "महाराज, वाट किती रुंद राखायची आणि पिकाची नासाडी झाली तर भरपाई कोणी द्यायची, हे आधी ठरवू या."

"अमात्य, मने जुळली की वाटा आपोआप निघतात."

दरबाऱ्यांनी माना डोलावल्या. एक माणूस मेला होता आणि ह्यांना मने जुळवायची होती. भद्रमित्राला संताप आला, पण त्याने तो गिळला.

उत्सवाच्या दिवशी मांडवाला जागा हवी होती. चहूकडे पीक उभे, मोकळी सपाट जागा एकच, ती मेंढरांची वाट. राजाच्या माणसांनी तिथेच खांब रोवले, कनाती ताणल्या आणि ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत वाट बुजवून टाकली. एवढे शहाणे तिथे राबत होते, पण आपण काय करतो आहोत हे एकाच्याही ध्यानात आले नाही. धनगर आणि शेतकरी एका पंगतीत बसवले गेले. खिरीची पातेली फिरली. राजा बोलायला उभा राहिला तो खाली बसेना.

मांडवामागे सामा कळप अडवून उभी होती. भद्रमित्राला पाहून ती म्हणाली, "धनी, जित्राबं सकाळपासनं तान्हेली हायेत. पानी समोर दिसतंय अन् मधी ह्यो मांडव. कुठनं न्यायची?"

भद्रमित्राने राजाजवळ जाऊन हळूच सांगितले, "कनात एका बाजूने उघडू या, महाराज. मेंढरांना पाण्यावर जायचे आहे."

"माझे बोलणे चालू असताना? आज आपण सारे एक झालो. मेंढरे उद्या पितील पाणी."

ऊन चढले. कळपाला पाण्याचा वास लागला आणि सामाच्या हातून तो सुटला. मांडवाच्या दोन्ही अंगांनी मेंढरे हरभऱ्यात घुसली. खिरीचे हात तसेच घेऊन शेतकरी उठले आणि धनगरही उठले. आता एक झालेल्या त्या लोकांनी मांडवाचेच बांबू उपसले. गावचा पाटील सुनंद बांबू उगारून सामावर धावला. "मुद्दाम सोडलीस तू मेंढरं!"

सामा जागची हलली नाही. "माझा मानूस नेला तुमी. आता मला बी मारा."

राजाने दोनदा "एकता, एकता" म्हणून पाहिले आणि तो रथात जाऊन बसला.

भद्रमित्र मात्र सुनंद आणि सामा यांच्या मधे शिरला. बांबूचा पहिला तडाखा त्याच्या खांद्यावर बसला. अमात्याला लागले हे पाहून सुनंद थबकला. भद्रमित्राने एका शेतकऱ्याच्या कमरेचा विळा घेऊन कनातीचे दोर कापले. कापड खाली आले, वाट मोकळी झाली, मेंढरे नदीकडे धावली. वाटेला लागून राजाने दिलेले भद्रमित्राचे स्वतःचे शेत होते. त्याच विळ्याने तो आपला उभा हरभरा कापू लागला.

"माझ्या शेताची ही कड आजपासून वाटेत गेली," तो म्हणाला. "सुनंद, तुझ्या आज्याची हद्द कुठवर होती, ते तुला माझ्याहून चांगले ठाऊक आहे."

सुनंदाने बांबू खाली टाकला. मग म्हणाला, "मी बी मागं सरतो, धनी. पन माझा हरभरा खाल्ला त्येचं काय?"

"तेच आता बसून ठरवू."

दिवस मावळेपर्यंत ते तिथेच बसले, भांडले, शिव्याही झाल्या. शेवटी वाटेची रुंदी ठरली, कोणाच्या शेतात मेंढरे आधी बसायची ते ठरले, नुकसान दोन्हीकडच्या पंचांनी पाहायचे ठरले आणि हद्दीचे दगड रोवले गेले. कोणी कोणाला मिठी मारली नाही.

राजाने भद्रमित्राचे पद काढून घेतले आणि शेतही. "तू एकता मोडलीस," तो म्हणाला.

"मांडव मोडला, महाराज. एकता तिथे मला कुठे दिसली नाही."

एवढे बोलून भद्रमित्र अंगावरच्या वस्त्रानिशी नगराबाहेर पडला. पुढे त्या वाटेवर पुन्हा रक्त सांडले नाही.

ही कथा शास्त्याने, म्हणजे पुढे बुद्ध झालेल्या त्या बोधिसत्त्वाने, सांगितली तेव्हा पुढच्या आसनावर एक सामंत बसला होता. भांडणाऱ्या दोन गावांना "एक व्हा" एवढे सांगून तो नुकताच मोठ्या समाधानाने परतला होता. शास्ता म्हणाला, "त्या जन्मीचा अरिष्टसेन हाच. सुनंद तो आपला भिक्षू उत्तिय, सामा ती दाराशी बसलेली उपासिका, आणि अमात्य मी होतो."

ह्या कथेतला गुण अर्थचर्या, म्हणजे दुसऱ्याच्या खरोखर कामी येईल असे वागणे. "गोड बोलणे हाही गुणच," शास्ता म्हणाला. "पण मी तेवढ्यावर थांबलो असतो तर ती बाई त्या दिवशी वाटेतच मेली असती." आणि तो सामंताकडे पाहत राहिला.