पायरीवरची हौसा

फार वर्षांपूर्वी, आपल्या पणज्यांच्याही पणज्यांच्या काळी, बोरखिंडीत हौसा नावाची सुईण होती. दुष्काळात कुठून तरी एकटीच आली नि ओढ्यापल्याड खोप घालून राहिली. गावानं जात विचारली, तर तिला सांगता येईना. म्हणून तिला कुणी आपली म्हटलं नाही. पण हाताला गुण होता. असं म्हणतात, तिनं पोटावर नुसता तळवा ठेवला, की आडवं मूल आतल्या आत सरळ व्हायचं.

बाळंतिणीपाशी तिला मागच्या दारानं नेत. मूल रडलं की काम संपलं.

पाटलांचा मुलगा तिच्याच हातावर जन्मला. त्याच्या बारशाला ती धुवट लुगडं नेसून, आपल्या हातानं शिवलेली कुंची घेऊन पुढच्या दारी गेली. आत बायका पाळणा म्हणत होत्या. पाटलीणबाई उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "तिथंच बस गं पायरीवर. शिधा बाहेर देते."

हौसा बसली. कुंची पदराखालीच राहिली.

पुढं दर बारशाला तेच. मग तर कुणी सांगायच्या आधीच ती पायरीवर टेकू लागली. एकदा एका घरची नवी सून म्हणाली, "मावशी, आत या की!" तर हौसाच दचकली. "नको गं बाई. माझ्यासारखीनं आत काय यायचं?" गाव जे म्हणायचं, ते आता तीच स्वतःला म्हणत होती.

वर्षं सरली. एका श्रावणात पाटलांची सून अडली. ओढा दुथडी भरलेला, म्हातारी हौसा तापानं फणफणलेली. तरी निघाली. असं म्हणतात, ओढ्यानं दुभंगून तिला वाट दिली. सून मोकळी झाली, नातू रडला, आणि हौसा मागच्या दारानं निघून सवयीनं पुढच्या पायरीवर येऊन बसली.

पाटलीणबाईंनी माजघरात आपल्या शेजारी पाट मांडला. दाराशी येऊन रडत म्हणाल्या, "हौसा, चुकलं गं माझं. आत ये."

हौसा उठली. उंबऱ्यापाशी पाऊल अडलं ते अडलंच.

"तुमी बोलावलंत, बाई," ती म्हणाली, "पर माझंच मन मला आत येऊ देईना."

ती पुन्हा पायरीवर टेकली. त्यानंतर उठली नाही. असं म्हणतात, त्या घटकेला गावातली सगळी तान्ही एकदम रडली, आणि दिवस मावळेतो एकालाही आईच्या कुशीत उगी राहवलं नाही.

अजूनही बोरखिंडीत बारशाच्या दिवशी घरातली थोरली बाई पुढच्या दाराशी येऊन हाक घालते, "हौसाआई, आत या." कुणी येत नाही. मग बाळाला घेऊन सगळं घरच बाहेर येतं, आणि नाव पायरीवर ठेवतात.