टिटवीबाईंचा वर्ग

तळ्यांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. अशाच एका तळ्याकाठी पिलांची शाळा भरायची. तिथे टिटवीला नव्यानेच बाई म्हणून नेमलं होतं, कारण तिच्याएवढा खणखणीत आवाज दुसऱ्या कुणाचाच नव्हता. शिकवायचा धडा एकच, पण जिवावरचा: घारीची सावली दिसली की लव्हाळ्यात दडायचं.

पिलं कलकलाट करायची. टिटवी ओरडायची. मग पिलांना आणखीच चेव चढायचा. शेवटी ती रडवेली होऊन कासवमावशीकडे गेली. मावशीने कितीतरी पिढ्या शिकवल्या होत्या.

"अगं, तू ओरडतेस ना, त्या आवाजाखाली पोरांचा दंगा लपतो," मावशी म्हणाली. "उद्या हळू बोल. आणि बोलून झालं की गप्प राहा. तेच अवघड असतं बघ."

सकाळी तळ्यावर दुधासारखं धुकं उतरलं होतं. टिटवी अगदी हळू बोलू लागली. "काय म्हणतायत बाई?" करत बदकाची पिलं पुढे सरकली, मग पाणकोंबडीची. बघता बघता सगळी तिच्या पंखांशी येऊन बसली. बोलून झाल्यावर टिटवीची जीभ वळवळत होती, पण ती गप्प राहिली. धुक्यात नुसती पाण्याची चुळबुळ उरली.

तेवढ्यात सगळ्यांच्या मागून एक बारीक आवाज आला. बदकाचं सगळ्यात धाकटं पिल्लू होतं.

"बाई, मी पहिल्या दिवसापासून विचारतोय," ते म्हणालं, "घार म्हणजे काय?"