बुओन व्हियाज्जो

इटलीतल्या एका डोंगरगावात ओनोरियो नावाचा एक चीज करणारा राहत होता. त्या मुलखात एक गोड रीत आहे. समोरचा माणूस जे करायला निघालाय, त्यासाठीच त्याला शुभेच्छा द्यायच्या. फिरायला निघालेल्याला म्हणायचं, तुझं फिरणं छान होवो. दमून टेकलेल्याला म्हणायचं, तुला चांगली विश्रांती मिळो. आणि प्रवासाला निघालेल्याला म्हणायचं, 'बुओन व्हियाज्जो', म्हणजे तुझा प्रवास सुखाचा होवो. ओनोरियोच्या तोंडी ही वाक्यं लहानपणापासून बसलेली. त्याच्या दारावरून कुणीही शुभेच्छेवाचून पुढे जात नसे. गाव त्याला भला माणूस म्हणे, आणि त्यालाही ते पटलेलं होतं.

त्याच्या शेजारी एर्सीलियाबाई राहायच्या. त्याही शेळ्या पाळून चीज करायच्या. खालच्या शहरात शरदातली जत्रा भरे, तेव्हा उत्तम चीजचा मान दरवर्षी बाईंनाच मिळे. ओनोरियो हसून त्यांचं अभिनंदन करी. पण घरी आल्यावर त्याला जेवण गोड लागत नसे.

एका वर्षी जत्रेच्या आदल्या दिवशी डोंगरावर खूप पाऊस झाला. जत्रेच्या दिवशी सकाळी ओनोरियो शेळ्यांना पाणी पाजायला ओढ्यावर गेला, तर शहराच्या वाटेवरच्या लाकडी पुलाखालची मोठी तुळई वाहून गेलेली. वरच्या फळ्या मात्र जशाच्या तशा. खाली वाकून पाहिल्याशिवाय कुणाला काही कळलं नसतं. त्याने गाढवावर चीज लादलं आणि डोंगराला वळसा घालणाऱ्या लांबच्या वाटेने जायचं ठरवलं.

फाट्यावर त्याला एर्सीलियाबाई भेटल्या. खेचराचा लगाम धरून त्या पुलाकडे वळत होत्या. ओनोरियोला वाटलं, सांगावं. मग वाटलं, फळ्या हलल्या की त्यांचं त्यांना कळेलच. मागे फिरतील, उशीर होईल, एखाद्या वर्षी मान दुसऱ्याला मिळाला तर काय बिघडलं? हे मनात येतंय तोवर तोंडाने आपलं काम केलं होतं.

"बुओन व्हियाज्जो, एर्सीलियाबाई," तो म्हणाला.

बाई थांबल्या. "देव तुझं भलं करो, ओनोरियो. सकाळपासून जिवाला उगीच धाकधूक लागली होती. तू म्हणालास, आता बरं वाटतंय."

आणि त्या निर्धास्त मनाने चालू लागल्या.

ओनोरियो आपल्या वाटेला लागला, पण पाऊल उचलेना. जन्मभर उच्चारलेले ते दोन शब्द त्याला आज पहिल्यांदा ऐकू आले. बाई पुलावर पाय ठेवणार होत्या, ते त्याच्या शब्दाच्या भरवशावर. त्याने गाढव एका झाडाला बांधलं आणि तो धावत सुटला.

तो पोचला तेव्हा खेचराचे पुढचे पाय फळीवर होते. त्याने लगाम धरून खेचराला मागे ओढलं. त्या हिसक्याने फळी सुटली आणि ओढ्याच्या पाण्यात दिसेनाशी झाली. बाईंनी वाकून पुलाखाली पाहिलं.

धाप जरा कमी झाल्यावर ओनोरियो खालमानेने म्हणाला, "मला सकाळीच माहीत होतं. तरी मी तुम्हाला शुभेच्छा दिल्या."

"दिल्या होत्यास मघाशी," बाई म्हणाल्या, "पोचल्या आत्ता."

मग दोघं मिळून लांबच्या वाटेने गेली. शहर येईपर्यंत दुपार कलली होती आणि चीजचा मान दुसऱ्याच गावाला गेला होता. बाईंनी जराशी हळहळ केली, मग आपल्या चीजचा एक जाड तुकडा कापून ओनोरियोच्या हातावर ठेवला. ते चीज खरोखरच उत्तम होतं. त्याने तसं मोकळ्या मनाने बोलून दाखवलं आणि आणखी एक तुकडा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी ओनोरियो नवी तुळई घेऊन ओढ्यावर गेला. येणारेजाणारे त्याला 'बुओन लावोरो' म्हणत, म्हणजे तुझं काम चांगलं होवो, आणि पुढे जात. एर्सीलियाबाई आल्या. त्याही तेच म्हणाल्या. पण म्हणता म्हणता त्यांनी बाह्या वर सारल्या आणि तुळईचं दुसरं टोक उचललं.

तात्पर्य: ज्याचं भलं व्हावं असं तोंडाने म्हणतो, त्याच्यासाठी हातपायही हलवावेत, नाहीतर शुभेच्छा म्हणजे नुसता वारा.