न दिसणारा सांधा

नदीकाठच्या एका गावात कोष्ट्यांचं एक घर होतं. घरात माणसं तीन. म्हातारा नथ्थूजी, त्याचा मुलगा देवराव आणि सून कुसुम. ओसरीवर एक हातमाग. त्यावर कोशाच्या रेशमाची लुगडी विणली जात. नथ्थूजीच्या डोक्यात लुगड्याच्या काठांचे त्रेचाळीस नमुने होते. कोणता धागा उचलायचा, कोणता दाबायचा, सगळं तोंडपाठ. कागदावर मात्र एकही नव्हता.

देवरावच्या हाताला गावात तोड नव्हती. विणताना धागा तुटतोच. देवराव तो असा जोडी की सांधा डोळ्याला दिसत नसे आणि नखालाही लागत नसे. त्या घरची शिकवणच तशी होती. सांधा दिसला तर विणकराची अब्रू गेली, असं तिथे पोरवयापासून कानावर पडे.

पुढे नथ्थूजीची नजर अधू झाली, बारीक धागा दिसेना. तेव्हा विणकरांच्या संस्थेने कुसुमला एक लॅपटॉप दिला. म्हाताऱ्याचे काठ यात उतरवून ठेव, दसऱ्याच्या आठवड्यात आम्ही न्यायला येऊ, असं संस्थेच्या बाईंनी सांगितलं. काठ संस्थेच्या हाती आले तर घराला बारा महिने काम. नाही आले तर माग मोडून देवरावने वीटभट्टीवर जायचं, एवढंच उरलं होतं.

दोन महिने नथ्थूजी खाटेवर बसून धागे बोलत गेला आणि कुसुम पडद्यावरच्या चौकटी भरत गेली. एक लाल, दोन पांढऱ्या, पुन्हा एक लाल. काम थांबलं की ती लॅपटॉपचं झाकण पाडी. तो झोपी जाई. झाकण उचललं की जागा होई आणि काठ जिथे सोडला तिथूनच पुढे सुरू. याची दुसरी प्रत काढून ठेवायची असते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

त्रेचाळिसावा काठ पुरा झाला आणि आठ दिवसांत नथ्थूजीला अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं. वाचाही गेली. आता ते काठ साऱ्या जगात त्या एका यंत्रातच राहिले.

एका दुपारी कुसुम रेशन आणायला गेली होती. देवराव ताण्याच्या धाग्यांना खळीची पाजण लावत होता. खळीने हात बुळबुळीत झालेले. ओल्या हाताने लॅपटॉपला शिवायचं नाही, असं कुसुमने त्याला दहादा बजावलं होतं. पण वाटेत आला म्हणून त्याने तो तसाच उचलला. तो निसटला आणि कोपऱ्यावर आपटला. कड तडकली. झाकण नीट बसेना, बोटभर उघडंच राहू लागलं.

देवरावने इकडेतिकडे पाहिलं. घरात बापाशिवाय कुणी नव्हतं. त्याने जुन्या पर्सच्या बंदातल्या लोहचुंबकाच्या दोन टिकल्या काढल्या. एक झाकणाच्या कडेत बसवली, एक खालच्या तडीत. वरून लाख भरली, लाखेत काजळ मिसळलं आणि अंगठ्याने घोटून घोटून कड एकसारखी केली. झाकण चट्‌कन बसलं. सांधा कुठेच दिसेना. नथ्थूजी खाटेवरून हे सगळं बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुसुमने झाकण उचललं. आतला पंखा घरघरला, बारीक दिवा लागला, पण पडदा काळा तो काळाच. तिने बंद करून पुन्हा चालू केला. क्षणभर अक्षरं आली आणि विझली.  तिने देवरावला विचारलं, तुम्ही याला हात लावला होता का. देवराव म्हणाला, मी कशाला लावू.

तेवढ्यात खाटेवर नथ्थूजी धडपडू लागला. घशातून आवाज काढू लागला. डावा हात उचलून तो देवरावकडे बोट करी, मग लॅपटॉपकडे, मग पुन्हा देवरावकडे.

"मामाजी काय म्हणतात?" कुसुमने सासऱ्याकडे बघत विचारलं.

"पाणी मागतात," देवराव म्हणाला.

त्याने पेला आणून बापाच्या ओठाला लावला. म्हाताऱ्याने तोंड फिरवलं. पाणी मानेवरून उशीवर सांडलं.

त्याच दिवशी दोघं तालुक्याला याकूबभाईकडे गेले. याकूबभाई पूर्वी रेडिओ दुरुस्त करी, आता लॅपटॉप करत असे. माणूस जुना आणि सबुरीचा. त्याने आधी एकच गोष्ट विचारली.

"पडला होता का जी कधी?"

"नाही," देवराव म्हणाला.

याकूबभाईने वीज तोडली, बॅटरी काढली, बटण दाबून तीस अंक मोजले, परत जोडून चालू केला. अक्षरं आली आणि विझली. त्याने पुन्हा विचारलं, पडला नाही ना, कुणी उघडला नाही ना. देवराव पुन्हा नाही म्हणाला. याकूबभाईने कडेवरून बोट फिरवलं. त्याच्या बोटालाही काही लागलं नाही. देवरावचं कसबच तसं होतं.

दिवसभर खटपट करून याकूबभाईने हात पुसले. म्हणाला, "काय झालं ते सांगितलं असतं तर मी तिथे पाहिलं असतं. काहीच झालं नाही म्हणता, मग मला सगळीकडे पाहावं लागेल. आतलं सगळं पुसून नव्याने भरून बघतो. त्याने चालू होईलच, असंही नाही."

काठ तेवढे वेगळे काढून द्या, असं कुसुम म्हणाली. आतली साठवण मुख्य पाटीला, मदरबोर्डलाच, डाखलेली आहे, सुटी निघत नाही, असं त्याने सांगितलं. कुसुमचा जीव हो म्हणेना. विचार करून सांगतो म्हणून लॅपटॉप तिथेच ठेवून दोघं परतले.

देवराव दारात आला की नथ्थूजीचा डावा हात वर होई. देवराव पेला पुढे करी. म्हातारा तोंड फिरवी. तिसऱ्या दिवशी त्याने अन्नही सोडलं. पाचव्या दिवशी पहाटे तो गेला. डोळे दाराकडे लागलेले होते. ते देवरावलाच मिटावे लागले.

तेरवी झाली. संस्थेची माणसं सोमवारी यायची होती. शनिवारी दोघं पुन्हा तालुक्याला निघाले. एसटीत कुसुमने खिडकीबाहेर बघतच विचारलं, "मामाजी पाणीच मागत होते ना हो?"

देवराव हातातल्या तिकिटाची सुरळी करत राहिला.

दुकानात याकूबभाईने कागद पुढे केला. आतलं सगळं पुसायला आमची हरकत नाही, असं त्यावर लिहिलेलं. कुसुमने वाचलं आणि कागद देवरावकडे सरकवला. त्याने पेन उचललं, टेकवलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला, सही होईना.

"पडला होता," तो म्हणाला. "माझ्याच हातून. बाबांनी बघितलं होतं. ते तेच सांगत होते."

 मग याकूबभाईने विचारलं, कुठे जोडला ते दाखव. देवराव कडेवर नख फिरवू लागला. स्वतः घातलेला सांधा, पण त्यालाच सापडेना. शेवटी लाखेचा वास घेत घेत जागा लागली. याकूबभाईने सुरीच्या टोकाने काळी टिकली उचकटली आणि तळहातावर घेऊन पाहिली.

"अरे भल्या माणसा," तो म्हणाला, "झाकण पडलं हे याला लोहचुंबकावरूनच कळतं. तू कायमचं झाकण पाडून ठेवलंस. उचललं तरी तो झोपलेलाच राहणार. पुसून टाकला असता तरी जागा झाला नसता."

त्याने दुसरी टिकलीही काढली आणि बटण दाबलं. पडदा उजळला. कुसुमने काठांची फाईल उघडली आणि त्रेचाळिसावा काठ समोर आला, लाल चौकटी, पांढऱ्या चौकटी, तिने सोडला होता तसाच.

कुसुमने काठ वरपासून खालपर्यंत पाहिला. मग देवरावला म्हणाली, "ज्या दिवशी विचारलं, त्याच दिवशी तुम्ही बोलला असता, तर मामाजींनी हा डोळ्यांनी बघितला असता." तिने आवाज चढवला नाही. परतीच्या वाटेवर ती दुसऱ्या बाकावर बसली.

याकूबभाईने काठांच्या दोन प्रती काढून दिल्या होत्या. सोमवारी संस्थेच्या बाई आल्या. त्यांनी त्रेचाळीसही काठ पाहिले, प्रत्येकावर नथ्थूजीचं नाव घातलं आणि बारा महिन्यांचं काम लिहून दिलं. देवरावला वीटभट्टीवर जावं लागलं नाही. कुसुमचं बोलणं हळूहळू पूर्वीसारखं झालं, पण त्याला वर्ष लागलं. दुसऱ्या दिवाळीत ओसरीवर दुसरा माग आला. त्यावर कुसुम बसली आणि त्या घराला पुन्हा कधी कामाची वाट पाहावी लागली नाही.

तात्पर्य: बिघाड शोधणाऱ्याला आपली चूक सगळ्यांत आधी सांगावी, लपवलेल्या चुकीची शिक्षा घरातल्या निरपराध माणसाला भोगावी लागते.